लपवलेल्या पिस्तुलाचा बिल्ला

मी खरं तर कमरेचा पट्टा आणायला गेलो होतो. जुन्या पट्ट्यात आता पुढे सरकायला भोक उरलं नव्हतं (पट्टा आटला होता, असं माझं म्हणणं, माझी बायको नोरीन हिचं म्हणणं वेगळं आहे). आमच्या काउंटीच्या जत्रेच्या मैदानावर त्या शनिवारी बंदुकांचं प्रदर्शन भरलं होतं आणि तिथे चामड्याचे पट्टे चांगले मिळतात. मी पट्टा घेतला, पैसे दिले आणि निघणार एवढ्यात शेजारच्या टेबलावर तो चमकला.

तो म्हणजे बिल्ला. सोनेरी, तळहाताएवढा, मधोमध पंख पसरलेला गरुड आणि कडेने गोल अक्षरं: 'परवानाधारक, लपवलेलं शस्त्र'. मागे पट्ट्यात अडकवायला क्लिप. मी गाद्या विकतो. गिऱ्हाईक येतं, आडवं होतं, डोळे मिटतं आणि 'विचार करून सांगतो' म्हणून निघून जातं. माझ्याकडे बघून आजवर कुणी ताठ उभं राहिलेलं नाही. त्यामुळे त्या गरुडाकडे मी जरा जास्तच वेळ बघत राहिलो असेन.

"समजा, तुम्ही वाण्याच्या दुकानात आहात," टेबलामागचा माणूस म्हणाला. "दरोडेखोर घुसला. तुम्ही पिस्तूल काढलंत. तेवढ्यात पोलीस आले. त्यांना काय दिसतं? दोन माणसं, दोन पिस्तुलं. गोळी कुणाला घालायची?"

"कुणाला?" मी विचारलं.

"तेच तर! पण तुमच्या कमरेला हा बिल्ला असला की पोलिसाला एका नजरेत कळतं, हा आपला माणूस."

वाण्याच्या दुकानात मी फक्त दूध आणायला जातो आणि तेही बहुतेक वेळा चुकीचं आणतो. पण त्या क्षणी मला स्वतःचं प्रेत दुधाच्या कपाटासमोर स्पष्ट दिसलं. मी बिल्ला घेतला.

नोरीन स्वयंपाकघरात माश्या मारायच्या पट्ट्यांचे गठ्ठे सोडत बसली होती. ती निवडणुकीला उभी होती आणि आमच्याकडे टेक्ससात उमेदवार मतदारांना अशाच कामाच्या वस्तू वाटतात. पिवळ्या प्लास्टिकच्या पट्टीवर ठळक छापलं होतं: 'नोरीन टॅकेट, टॅक्स कलेक्टर'.

"पट्टा मिळाला?" तिने मान वर न करता विचारलं. मग मान वर केली. "आणि हे काय?"

मी समजावून सांगितलं. दरोडेखोर, पोलीस, दूध, सगळं.

"थांब जरा," ती म्हणाली. "सरकारने तुला पिस्तूल लपवायचा परवाना दिला. म्हणजे कुणाला कळू नये म्हणून. आणि ते लपवलंय अशी तू कमरेला पाटी लावणार?"

"पाटी नाही, बिल्ला."

"मग यंदा नाताळच्या भेटी पलंगाखाली लपवल्यास ना, की दारावर तसा बोर्डही लाव."

"अगं, पण पोलिसांना कळायला नको?"

"पोलीस नंतर येणार, व्हर्जिल. दरोडेखोर आधी येणार. दुकानात दहा माणसं उभी आहेत, त्यातल्या एकाच्या पोटावर सोनेरी गरुड आहे. तो पहिली गोळी कुणाला घालेल?"

मुद्दा बिनतोड होता. बायकोचा मुद्दा बिनतोड निघाला की माणसाला दुसरीकडे मत घ्यावं लागतं, म्हणून मी आमच्या काउंटीचे पोलीसप्रमुख, शेरीफ रॉय डीन यांच्याकडे गेलो. त्यांनी बिल्ला हातात घेऊन उलटसुलट पाहिला.

"व्हर्जिल, माझी सगळी माणसं मी नावानिशी ओळखतो. अनोळखी माणसाच्या कमरेला बिल्ला दिसला, तर तो एकतर राजधानीतून आलेला मोठा अधिकारी असतो, नाहीतर मूर्ख असतो."

"आणि ओळखीचा माणूस असला तर?"

"तर प्रश्नच मिटला," शेरीफ म्हणाले. "आणि एक ऐक. हे लावून कुठे पोलीसगिरी केलीस ना, तर मला तुला आत टाकावं लागेल. मग नोरीन मला शाळेच्या कँटीनमध्ये शिरू देणार नाही. तिथला गोड पीच कॉबलर मला आवडतो."

नोरीन शाळेचं कँटीन चालवते. सगळ्या शाळेची पोरं एका सुट्टीत जेवून, ताटं धुवायला टाकून, रांगेत बाहेर पडतात, आणि ती क्वचितच आवाज चढवते. टॅक्स कलेक्टरच्या खुर्चीत मात्र डब क्रेनशॉ नावाचे गृहस्थ इतकी वर्षं बसून होते की आमच्या मुलीला वाटायचं डब हे त्या हुद्द्याचंच नाव आहे. गाडीचा कर भरायचा असो की घराचा, त्या कचेरीत लोक डबा घेऊन जात. मागच्या हिवाळ्यात नोरीनची आई तिथे सकाळभर उभी राहिली. गुडघे गेलेली बाई, शेवटी भिंतीला टेकून जमिनीवर बसली. कुणी एक खुर्ची दिली नाही. आईला गाडीत बसवताना नोरीन रडली आणि दुसऱ्या दिवशी तिने उमेदवारीचा अर्ज भरला. तिला ती खुर्ची हवी होती ती मिरवायला नव्हे. तिला ती रांग हलवायची होती.

"तेव्हा निवडणूक होईपर्यंत," ती मला म्हणाली, "तो गरुड कपाटात ठेवायचा. लोकांना हसायला कारण नको."

"तुझी शपथ," मी म्हणालो.

आणि शपथ मी पाळली. जवळजवळ आठवडाभर.

पुढच्या शनिवारी आगीच्या बंबवाल्यांच्या हॉलमध्ये चिलीचं जेवण होतं. बंबाच्या नव्या पाइपांसाठी वर्गणी, चिलीची म्हणजे तिखट मांसाची दोन पातेली, घरी केलेल्या केकचा लिलाव आणि जेवणानंतर सगळ्या उमेदवारांची भाषणं. आमच्याकडे निवडणूक तिथेच जिंकतात आणि तिथेच हरतात. नोरीनने मला अगदी सोपं काम दिलं होतं. दाराशी टेबल मांडायचं, येणाऱ्याला 'या, बसा' म्हणायचं आणि प्रत्येकाच्या हातात माश्या मारायची एक पट्टी द्यायची.

"जमेल ना?" तिने विचारलं.

"गाद्या विकणाऱ्या माणसाला 'बसा' म्हणायला शिकवू नकोस," मी म्हणालो.

बिल्ला मी पट्ट्याला, कोटाच्या आत लावला होता. दिसायचा प्रश्नच नव्हता. आपल्यापाशी तो आहे एवढं मला ठाऊक असलं तरी पुरे, असा माझा साधा विचार. पण आतली दोन पातेली रटरटत होती आणि दाराशी वाफेचा लोट येत होता. घामाच्या धारा लागल्या, तेव्हा मी कोट काढून खुर्चीला अडकवला आणि पुढचं सगळं विसरलो.

पहिल्या आल्या त्या मिस आयला मे. वय ऐंशीच्या पुढे, चर्चमध्ये ऑर्गन वाजवतात, आणि आमच्या काउंटीतल्या निम्म्या लोकांच्या बोटांवर लहानपणी त्यांनी फूटपट्टी मारलेली आहे. त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग टेबलाकडे, मग माझ्या पोटाकडे.

"अगोबाई," त्या म्हणाल्या. "आज काढून ठेवायची का?"

"काय, मॅम?"

"कोर्टात ठेवतात तशी. बरं बरं, मला काही अडचण नाही. जरा खुर्ची दे, पोरा. याची गाठ सुटायला वेळ लागतो."

मी खुर्ची दिली. त्यांनी पर्समधून लोकरीची विणलेली गुलाबी पिशवी काढली, नाडी सोडली आणि आतून चांगलं ठसठशीत रिव्हॉल्व्हर काढून टेबलावर ठेवलं. मी आ वासून बघत राहिलो. नोरीनने सांगितलेलं काम तेवढं हाताला ठाऊक होतं, म्हणून मी त्यांच्या हातात माश्या मारायची पट्टी दिली.

"ही पावती वाटतं," मिस आयला म्हणाल्या, आणि ती नीट पर्समध्ये ठेवून आत गेल्या.

त्यांच्या मागे आमचे पास्टर लायल उभे होते. त्यांनी सुस्कारा टाकला आणि पँट घोट्यापासून वर सरकवली.

"पास्टर, नको नको! तुम्ही कशाला!" मी ओरडलो.

"नाही, व्हर्जिल. मिस आयलांना एक नियम आणि मला दुसरा, असं देवालाही आवडणार नाही."

"पण नियम नाहीच आहे!"

"तू भला माणूस आहेस," ते म्हणाले, माझ्या खांद्यावर थोपटलं, घोट्यातलं पिस्तूल टेबलावर ठेवलं आणि पट्टी घेऊन आत गेले.

मग काही विचारू नका. आमची माणसं शिस्तीची आहेत. पुढच्याने केलं ते मागचा करतो, कारण विचारून रांग अडवणं आमच्याकडे असभ्य समजतात. वाचनालयातल्या बाईंनी जाड पुस्तकातून पिस्तूल काढलं. न्हाव्याने बुटातून काढलं. बालवाडीच्या शिक्षिकेने कुठून काढलं ते मी पाहिलं नाही, मी मान वळवली होती. एका नवराबायकोंनी एकदमच काढली आणि मग एकमेकांकडे बघत राहिले.

"तुझ्याकडे कधीपासून आहे?" नवरा म्हणाला.

"तुझी आई राहायला आली तेव्हापासून," बायको म्हणाली.

मी हात हलवत होतो, 'नाही, नाही' म्हणत होतो, आणि जितकं नाही म्हणावं तितकं लोक जास्त समजूतदारपणे 'असू दे, असू दे, तुझं काम तू कर' म्हणत होते. बिल्लेवाला नको म्हणतो म्हणजे संकोचतो, एवढंच त्यांना कळत होतं. टेबल भरलं. घरून आणलेली एक जादा चौकड्याची चादर मी जमिनीवर पसरली, तीही भरली. दाराशी लावलेल्या नोरीनच्या फोटोखाली आमच्या अख्ख्या काउंटीची लपवलेली शस्त्रं उघडी पडली होती.

एवढ्यात रांगेत कुजबुज थांबली. डब क्रेनशॉ आले होते.

आता डब यांचा फोटो आमच्या हमरस्त्यावरच्या मोठ्या बोर्डावर होता. हातात हरणं मारायची लांब बंदूक, डोक्यावर हॅट, खाली लिहिलेलं: 'तुमचे हक्क, मजबूत हातात'. त्यामुळे डब आता कुठून काय काढतात हे बघायला लोक टाचा उंच करून उभे होते. काहींना तोफ अपेक्षित होती.

डब यांनी कोटाचा खिसा चाचपला. मग दुसरा चाचपला. मग पँटचे दोन्ही. कपाळ पुसलं. आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "व्हर्जिल, माझ्याकडे नाही."

"गाडीत राहिलं असेल," मागून कुणीतरी मदत केली.

"घरीपण नाही," डब हळूच म्हणाले. "बोर्डावरची मेव्हण्याची आहे."

हळूच म्हणाले, पण त्या दाराशी तेव्हा इतकी शांतता होती की शेवटच्या माणसालाही ऐकू गेलं. मी काय करणार? त्यांच्या हातातही 'नोरीन टॅकेट' लिहिलेली पट्टी दिली. ती घेऊन ते बिचारे आत गेले.

शेरीफ रॉय डीन सर्वांत शेवटी आले. त्यांनी टेबलाकडे पाहिलं, चादरीकडे पाहिलं, माझ्या पोटावरच्या गरुडाकडे पाहिलं.

"व्हर्जिल," ते म्हणाले, "तू दुकान टाकतोयस की क्रांती करतोयस?"

"मी कुणालाच सांगितलं नाही हो! आपणहून ठेवताहेत!"

"तुला इथे उभं कुणी केलं?"

"नोरीनने," मी म्हणालो.

हे उत्तर अगदी खरं होतं, आणि ते तोंडातून बाहेर पडताच मला कळलं की मी मेलो. कारण दाराशी घुटमळत ते ऐकणारे लोक आत गेले, आणि चिलीचा पहिला वाडगा संपायच्या आत हॉलभर बातमी पसरली: नोरीन टॅकेट निवडून यायच्या आधीच लोकांची पिस्तुलं काढून घ्यायला लागली. टेक्ससात! आमच्याकडे एखाद्याने तुमची गाय नेली तर तोडगा निघू शकतो. ही गोष्ट त्यातली नाही.

शेरीफांनी दोन माणसं टेबलापाशी बसवली आणि एकेका पिस्तुलातल्या गोळ्या काढून ठेवायला लावल्या. मला त्यांनी आत नेऊन भिंतीपाशी उभं केलं. "इथून हलू नकोस," ते म्हणाले. "आणि कशालाही हात लावू नकोस. नाहीतर लोक तेही काढून तुझ्याकडे जमा करतील."

डब यांचं भाषण आधी झालं. ते भाषण ते दर वेळी तेच करतात, त्यामुळे मधे दोनदा त्यांना स्वतःलाच जांभई आली. मग नोरीन उठली. तिने निळा ड्रेस घातला होता, केस नीट बसवले होते, रात्ररात्र जागून भाषण पाठ केलं होतं, आणि तिला बिचारीला अजून काहीच माहीत नव्हतं. तोवर ती मागे स्वयंपाकघरात वाडगे भरत होती.

तिने तोंड उघडायच्या आत न्हावी उभा राहिला.

"नोरीन, आधी हे सांग. तुझ्या नवऱ्याने दारात आमची पिस्तुलं का काढून घेतली?"

नोरीनने माझ्याकडे पाहिलं. माझ्या चेहऱ्याकडे, आणि मग खाली. बाविसाव्या वर्षी तिने माझ्याशी लग्न केलं तेव्हापासूनचे सगळे प्रसंग तिच्या डोळ्यांसमोरून गेले असावेत. मला धरणीने पोटात घ्यावं असं वाटलं. तिची ती खुर्ची, तिच्या आईचे गुडघे, सगळ्यावर मी पाणी ओतलं होतं, आणि तेही पोटावर गरुड लावून. माझे डोळे भरून आले. खोटं कशाला सांगू?

नोरीनने हातातला भाषणाचा कागद घडी करून ठेवला.

"पिस्तूल काढून ठेवा, असं तुम्हाला सांगितलं कुणी?" तिने न्हाव्याला विचारलं.

"कुणी नाही. रांग होती, मी लागलो."

"किती वेळ उभे होतात?"

न्हावी गोंधळला. "फार नाही. आत आलो तेव्हा चिली गरम होती."

"कुणी जमिनीवर बसलं होतं का रांगेत?"

"नाही बाई," मिस आयला पुढच्या बाकावरून म्हणाल्या. "मला तर खुर्ची दिली त्याने."

"मग माझं ऐका," नोरीन म्हणाली. "हा माझा नवरा. याला स्वतःचे मोजे सापडत नाहीत. याला हे काम कुणी सांगितलं नव्हतं, याला काय चाललंय ते कळत नव्हतं, आताही कळत नाहीये. बघा त्याच्याकडे."

सगळ्या हॉलने माझ्याकडे पाहिलं. मला खरंच कळत नव्हतं.

"या माणसाने अख्खी काउंटी एका दारातून आत घेतली, म्हातारीला खुर्ची दिली, आणि चिली गार होऊ दिली नाही. याला जमतं, ते आपल्या टॅक्स कचेरीला इतकी वर्षं जमलेलं नाही. मी तर शहाणी आहे. मला खुर्चीत बसवा आणि बघा."

आधी मिस आयला हसल्या. मग पास्टर. मग हॉल असा हसायला लागला की पातेल्यावरची झाकणं वाजली. डबही हसत होते, हे मी पाहिलं.

"आणि झाल्या प्रकाराची मी माफी मागते," नोरीन म्हणाली. "आता आपापली वस्तू घेऊन जा. पहिला बाक, उठा!"

तिने कँटीनचा आवाज काढला होता. पहिला बाक उठला. पट्ट्या सगळ्यांच्या सारख्याच असल्याने पावती म्हणून त्यांचा काही उपयोग नव्हता, पण नोरीन प्रत्येकाला खूण विचारी, शेरीफ बघून देत, आणि रांग पुढे सरके. लपवायचं म्हणून जे इतकी वर्षं जिवापाड जपलं होतं, ते आता लोक शेजाऱ्याला दाखवत होते. 'तुमचं हलकं दिसतंय', 'मूठ छान आहे हो', 'ही पिशवी विणायला किती लोकर लागली?' असं चाललं होतं.

टेबल रिकामं झालं. सगळ्यांनी आपापलं घेतलं. शेरीफांनी चादर झटकली आणि माझ्याकडे वळून मोठ्याने विचारलं, "व्हर्जिल, तुझं कुठेय?"

सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या.

"घरी," मी म्हणालो. "मोज्यांच्या कप्प्यात. बसलं की टोचतं."

म्हणजे त्या अख्ख्या हॉलमध्ये नि:शस्त्र माणसं दोनच होती. एक ज्याचा बंदुकीसकट फोटो बोर्डावर होता तो, आणि दुसरा ज्याच्या कमरेला बिल्ला होता तो.

घरी जाताना गाडी आमच्या गल्लीत वळली तेव्हा नोरीन म्हणाली, "निवडणुकीच्या दिवशी मत दे आणि घरी ये. बाकी काही करू नकोस. एकेक मत महत्त्वाचं आहे, व्हर्जिल. तुझंसुद्धा."

निवडणुकीच्या दिवशी एक जोडपं संध्याकाळी दुकानात आलं. नवऱ्याला कडक गादी हवी होती, बायकोला मऊ. दोघं आळीपाळीने आडवे होत राहिले आणि मी घड्याळाकडे बघत राहिलो. ते 'विचार करून सांगतो' म्हणून गेले तेव्हा मतदान संपायला फार वेळ उरला नव्हता. मी धावतपळत चर्चच्या मागच्या खोलीत मतदानाच्या रांगेत जाऊन उभा राहिलो. मी शेवटचाच होतो.

दाराशी मुख्य अधिकारी म्हणून मिस आयला मे बसल्या होत्या. मतदानाच्या खोलीत पिस्तूल नेता येत नाही, हा कायदा आहे. त्या दिवशी सगळे जण आपापलं गाडीत ठेवून आले होते. मिस आयलांनी माझ्या पोटाकडे पाहिलं. मीही पाहिलं. नवा पट्टा, आणि बिल्ला त्याला तसाच. चिलीच्या दिवसापासून काढायचाच राहिला होता.

"पिस्तूल बाहेर, पोरा," त्या म्हणाल्या.

"माझ्याकडे नाही, मॅम."

"मग हे काय लिहिलंय?"

"परवाना आहे असं लिहिलंय. पिस्तूल आहे असं नाही."

"फाटकावर 'कुत्रा चावतो' असं लिहिलेलं असलं तर कुत्रा घरात आहे की नाही ते मी हात घालून बघत नाही. जा, ठेवून ये."

"अहो पण ठेवायला काही नाहीच! तुम्हीच ऐकलंत ना त्या दिवशी, मोज्यांच्या कप्प्यात असतं म्हणून!"

"त्या दिवशी घरी विसरलास, म्हणून आज आठवणीने आणलं असशील," त्या म्हणाल्या. "त्या दिवशी सगळ्यांनी आपापलं काढून ठेवलं की नाही तुझ्यापुढे? कुणी वाद घातला?"

मी बाहेर गाडीपाशी गेलो. क्लिप नव्या जाड चामड्यात रुतून बसली होती. ओढली, निघेना. शेवटी पट्टाच सोडला, तर पँट खाली यायला लागली. एका हाताने पँट धरून दुसऱ्याने गरुडाशी झटापट केली, बिल्ला गाडीत फेकला, पट्टा बांधला आणि धावलो. मिस आयला दाराला कुलूप लावत होत्या.

"मी रांगेत होतो!" मी म्हणालो.

"होतास. रांग सोडून गेलास," त्या म्हणाल्या. "रांगेत असलेल्यांना वेळ संपल्यावरही मत देता येतं. सोडून गेलेल्यांना नाही. नियम म्हणजे नियम."

लहानपणी त्यांनी फूटपट्टी मारली होती ती ही बोटं. मी ती खिशात घातली आणि गाडीकडे वळलो.

निकाल लागला. नोरीन एका मताने निवडून आली.

एका! ती किंचाळली, उडी मारली आणि माझ्या गळ्यात पडली. "तुझं मत, व्हर्जिल! तुझ्या एका मताने मी आले!" आणि ती माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडायला लागली, आनंदाने. अशा वेळी खरं बोलणारे नवरे असतील कुठेतरी. मला तसला एकही माहीत नाही. मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिलो. दुसऱ्या दिवशी कॅफेत मला कॉफीचे पैसे घेईनात. 'बायकोला खुर्चीवर बसवणारा नवरा' म्हणून न्हाव्याने केसही फुकट कापले. पास्टर लायल यांनी रविवारच्या प्रवचनात माझं नाव न घेता माझं उदाहरण दिलं. प्रवचन चालू असताना मिस आयला ऑर्गनवरून माझ्याकडे एकटक बघत होत्या, आणि मी छताकडे.

त्याच आठवड्यात डब क्रेनशॉ दुकानात आले. मला वाटलं, आता हे फेरमोजणी मागणार. पण ते सरळ आत गेले, सर्वांत चांगल्या गादीवर आडवे झाले आणि छाती फुगवून श्वास सोडला.

"व्हर्जिल," ते छताकडे बघत म्हणाले, "ते एक मत माझं होतं."

"कुठलं एक मत?"

"ज्याने नोरीन आली ते. मी तिला मत दिलं. इतकी वर्षं त्या कचेरीत बसून माझी झोप उडाली. मला मासे पकडायचे आहेत. पण आमच्या हिला तो रस्त्यावरचा बोर्ड फार आवडतो. तिच्यासमोर नको म्हणायची माझी छाती नाही. मतपत्रिकेवर कुणी बघत नाही, म्हणून तिथे 'नको' म्हणालो."

मी गादीच्या कडेला बसलो.

"पण सगळे म्हणतात ते मत माझं..."

"मी तेव्हा बाहेर गाडीत बसलो होतो," डब म्हणाले. "तू पार्किंगमध्ये पँटशी कुस्ती खेळत होतास. तू आत परत गेला नाहीस, तेही पाहिलं." ते कुशीवर वळले आणि गादीवर हात दाबून पाहिला. "माझं माझ्या बायकोला सांगू नकोस. मी तुझं तुझ्या बायकोला सांगणार नाही. ही गादी छान आहे रे. कितीची आहे?"

मी किंमत सांगितली नाही. पोरांना बोलावून ती त्यांच्या गाडीवर बांधून दिली.

"एवढी महागडी गादी डबना फुकट दिलीस?" नोरीनने विचारलं.

"हरलेल्या माणसाचं मन राखावं म्हटलं," मी म्हणालो.

तिने माझा हात हातात घेतला. "व्हर्जिल, तुझं मन फार मोठं आहे रे."

शपथविधीच्या दिवशी कोर्टाच्या मोठ्या दालनात सगळी काउंटी जमली होती. नोरीनने शपथ घेतली, तिची आई पुढच्या रांगेत खुर्चीवर बसली होती, आणि मला खरंच आनंद झाला होता. मग नोरीन माईकपुढे आली आणि म्हणाली, "माझं एक मत काय मोठं, असं ज्याला वाटतं त्याने माझ्या नवऱ्याकडे बघावं."

सगळ्यांनी माझ्याकडे बघून टाळ्या वाजवल्या. सर्वांत जोरात टाळ्या मागच्या रांगेतून येत होत्या. डब क्रेनशॉ उभे राहून वाजवत होते, आणि त्यांची झोप चांगली होत असल्याचं चेहऱ्यावर दिसत होतं.